डक्सफर्डचा हापसा

मंडळी, संयोजकांनी विषय दिला होता 'विमानांची संग्रहालयं'. मी एकाबद्दलच बोलेन, कारण नीट पाहिलंय ते एकच. नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात मिग या लढाऊ विमानांच्या सांगाड्यांवर 34 वर्षं हात काळे केलेला मी माणूस. लेकीकडे केंब्रिजला गेलो, तर ती म्हणाली, बाबा, कॉलेजं बघू या. म्हटलं, ती तू बघ, मला जवळच्या डक्सफर्डच्या विमान संग्रहालयात सोड.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेला तो हवाई तळ. लांबून बघाल तर मार्केट यार्डातल्या शेडसारखे हँगर. आत जाऊन मान वर केली की मात्र तिथंच थांबायला होतं. एवढं रुंद छत, पण त्याला आडवी अशी एक अखंड तुळई नाही! छोट्या लाकडी पट्ट्या तिरक्या-तिरक्या जाळीसारख्या ठोकत नेऊन तिची कमान केलीय. बेलफास्टची कैची म्हणतात तिला. मोठं लाकूड न वापरता मोठं छत. आपल्या पंचवटीतल्या वाड्यांचे जाडजूड सागवानी खांब आठवा, म्हणजे फरक कळेल. अशीच एक शेड 1968 मध्ये एका युद्धपटाच्या चित्रीकरणासाठी खरोखर स्फोट करून उडवली. दुसऱ्या महायुद्धातून वाचली आणि सिनेमात गेली!

ऑगस्ट 1938 मध्ये पहिलं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान इथल्या 19 नंबरच्या स्क्वाड्रनकडे आलं. त्या वैमानिकांना सवय एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेल्या विमानांची; चाकं कायम खालीच लोंबणारी. स्पिटफायरची चाकं उड्डाणानंतर आत घ्यायची. कशी? तर हापसा मारून! अगदी आपल्या बोअरिंगच्या हापशासारखा दांडा, उजव्या हाताला. म्हणजे उजव्या हातातली, विमान वळवायची दांडी डाव्या हातात घ्यायची आणि उजव्यानं हापसायचं. हापसताना डावा हातही नकळत हलायचा, की विमान डुचमळलंच. खालून बघणाऱ्याला लगेच कळायचं, गडी नवीन आहे. पुढं इंजिनावर चालणारा पंप आला आणि ही गंमत संपली.

1940 ची ब्रिटनच्या आकाशातली लढाई, दोन्ही पाय गमावलेला तो वैमानिक डग्लस बाडर, त्याच्या मोठ्या झुंडीनं लढण्याच्या हट्टावरून झालेले वाद, हे तुम्ही कुठंही वाचाल. 1943 मध्ये अमेरिकन आले, त्यांच्या थंडरबोल्ट लढाऊ विमानांच्या नाकावर काळेपांढरे चौकोन रंगवून. 1961 मध्ये ब्रिटिश हवाई दलानं तळ सोडला. मग गवत.

माझा खरा विषय आता सुरू होतो. सत्तरच्या दशकात लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला अवजड वस्तू ठेवायला जागा हवी होती. त्यांनी इथले हँगर घेतले, आणि आसपासचे हौशी लोक पाने-पकडी घेऊन मदतीला आले. त्यांची 1975 मध्ये सोसायटी झाली. 1977 मध्ये संग्रहालय, ही सोसायटी आणि तिथली काउंटी कौन्सिल, म्हणजे आपली जिल्हा परिषदच म्हणा, यांनी मिळून धावपट्टी विकत घेतली. जिल्हा परिषदेनं धावपट्टी घ्यायची! मी ते दोनदा वाचलं.

त्याच सुमारास एम-11 महामार्ग आला, तो धावपट्टीच्या पूर्वेकडचा तुकडा कापत. आग्रा रोड रुंद करताना ओझरच्या धावपट्टीचं टोक गेलं असतं तर? तसंच. पट्टी तोकडी व्हायच्या आत, ऑगस्ट 1977 मध्ये, चाचण्यांसाठी वापरलेलं एक कॉन्कॉर्ड, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान, तिथं घाईनं उतरवून घेतलं. ध्वनीच्या 2.23 पट वेगानं उडालेलं विमान! ते परत उडालं नाही. आत खुर्च्यांच्या रांगा नाहीत, चाचणीच्या यंत्रांचे मांडच मांड. अंग चोरून चालावं लागतं.

उरलेल्या धावपट्टीवरून आजही स्पिटफायर उडतात. आपण चौकात खांबावर विमान चढवतो आणि रिव्हेटसकट सगळ्यावर रंगाचे थर देतो. मला ते बघवत नाही. उडतं ठेवायचं म्हटलं की सुटे भाग लागतात, ते बनवणारा लागतो, त्याच्या हाताखाली शिकणारं पोरगं लागतं. 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं. त्याची इंजिनं कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं, सांगाडा आपला. तो सांगाडा खोलून पुन्हा जोडणारे हात आज सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात. काही इथं पहिल्या रांगेतच बसलेत.

डक्सफर्डला एका जुन्या प्रवासी विमानाच्या पोटाखाली माझ्याच वयाचे एक गृहस्थ आडवे पडून पत्र्याचा जोड तपासत होते. मी वाकून बघत राहिलो. त्यांनी विचारलं, काय बघताय? मोडक्या इंग्रजीत सांगितलं की तुमची ही रिव्हेटची ओळ आमच्याकडे अशी मारत नाहीत. मग कशी मारता, म्हणाले. दाखवलं बोटानं. त्यांनी जरा विचार केला, बाजूला सरकले आणि टॉर्च माझ्या हातात दिला. लेक पार्किंगमध्ये तासभर फोन करत होती.