गोधडीच्या पट्ट्या : हिशोब चौकापासून धरा

नमस्कार मैत्रिणींनो. आधी हे बारा ब्लॉक बघा, म्हणजे तुकडे जोडून शिवलेले नक्षीचे चौकोन. काही सासूबाईंच्या इरकली लुगड्यांचे, काही माझ्या सुती साड्यांचे. शिवून महिना झाला, पण जोडायला हात होत नव्हता. एकाला एक लावून पाहिलं की सगळं मिसळून जायचं, कुठला ब्लॉक कुठे संपला तेच कळेना.

सासूबाई वाकळ शिवतात तिला हे चालतं. ठिगळाला ठिगळ आणि वरून धावदोरा, तिची शोभाच ती. पण ब्लॉकमध्ये मुळात नक्षी असेल तर त्याला भोवतीनं थोडी जागा लागते. ती जागा म्हणजे दोन ब्लॉकमधली पट्टी, क्विल्टवाले तिला सॅशिंग म्हणतात. आज साधी पट्टी नाही, जोडून केलेली नक्षीची पट्टी करायची आहे.

आपण सगळ्या काय करतो? आधी पट्टी ठरवतो, आणि पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे काय करायचं ते मागाहून बघतो. मीही तसंच करायचे. आता उलटं करते. तो भेटण्याचा चौकोन, मी त्याला चौक म्हणते, तो आधी कागदावर काढते. चौक बसला की पट्टी आपोआप सुचते.

हा ग्राफ पेपर. चौक तीन इंचांचा, त्यात इंचाइंचाची नऊ घरं. म्हणजे पट्टीही तीन इंच रुंद आणि तिपदरी : पांढरा, लाल, पांढरा. आता नऊ घरं भरायचे दोन मार्ग. मधली उभी-आडवी घरं लाल केली तर लाल रेघ न तुटता आरपार जाते आणि सगळी गोधडी खिडकीच्या गजांसारखी दिसते. मला ते डोळ्यांवर येतं. दुसरा मार्ग, चार कोपरे आणि मधलं घर लाल, उरलेली चार पांढरी. आता लाल रेघ येऊन पांढऱ्या घराशी थांबते, चौकात बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. मी हाच घेतला.

आता मापं, लिहून घ्या. ब्लॉक तयार झाल्यावर बारा इंच, म्हणजे आत्ता हातात साडेबारा, कारण चारही बाजूंना पाव इंच शिलाईत जातो. आडवे तीन, उभे चार. बाहेरूनही पट्टी फिरवायची, तर पट्ट्या लागतात ३१ आणि चौक २०. गोधडी होते ४८ बाय ६३ इंच. पलंगासाठी मोठी हवी तर नंतर चहूकडून सहा इंचांचा काठ लावा, ६० बाय ७५ होईल.

कापड लाल दीड मीटर, पांढरं दीड मीटर, चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं सुती. मी सोलापूरच्या चाटी गल्लीतून आणलं. आणल्यावर पहिलं काम, धुणं. मागच्या वेळी एका दुकानात ‘रंग पक्का आहे’ असं ऐकून मी न धुता शिवलं आणि पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्ट्या गुलाबी झाल्या. चार महिन्यांचं काम होतं ते, अजून मनातून जात नाही. म्हणून लाल कापड भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. चिंधीला डाग लागत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको.

एकेका पदरासाठी पट्ट्या शिलाईसकट दीड इंच रुंद कापायच्या, किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यात. हे मला शेजारच्या अक्कांनी शिकवलं. त्यांचं सगळं आयुष्य शहराच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागावर गेलं. त्या म्हणाल्या, “उभा धागा मागावर ताण सोसून आलेला असतो, तो कमी ओढला जातो. आडवा सैल पडतो.” खरंच, आडव्या कापलेल्या लांब पट्ट्यांना लाटा येतात.

पांढऱ्या १८, लाल १२. पांढरी-लाल-पांढरी असे आठ संच शिवा. दीड मीटर म्हणजे सुमारे ५९ इंच, म्हणून प्रत्येक संचातून साडेबारा इंचांचे चार तुकडे, म्हणजे चार तयार पट्ट्या निघतात. आणि टोकाला जो तुकडा उरतो ना, तो टाकू नका! त्याचेच दीड-दीड इंचाचे काप केले की चौकाची मधली ओळ तयार. अशा २० ओळी लागतात, त्या सगळ्या उरलेल्यातून निघतात. चौकाच्या कडेच्या ओळींसाठी फक्त दोन संच वेगळे, लाल-पांढरा-लाल, त्यांचे ४० काप.

शिवायच्या आधी एक परीक्षा घ्या. तीन चिंध्या जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली पाहिजे. दोऱ्याएवढी कमी असेल तर सुईपासून पाव इंचावर लावलेली चिकटपट्टी जरा सुईकडे सरकवा.

आता जवळून बघा, कॅमेरा खाली घेते. सगळ्या शिलाया लालकडे वळवून इस्त्री केली आहे. पट्टीत लाल मध्ये, म्हणून शिलाया आत वळल्या. कडेच्या ओळीत लाल बाहेर, म्हणून तिथे बाहेर वळल्या. दोन्ही समोरासमोर धरल्या की बोटाला लागतं, एक शिलाई दुसरीला टेकून अडकते. टाचणी न लावताही सरकत नाही. चौक जोडून झाला की त्याच्याही शिलाया बाहेर वळवा, मग चारही बाजूंनी पट्ट्या अशाच अडकतात. इस्त्री दाबून उचला, ओढू नका.

ब्लॉक सारखे नसतील तर? माझे नव्हते, काही सव्वाबारा भरले. पूर्वी मी ज्या त्या ब्लॉकच्या मापाने पट्टी कापायचे, आणि चौथ्या ओळीपर्यंत चौक बोटभर सरकायचे. ब्लॉकला पट्टी नाही, पट्टीला ब्लॉक जुळवा. सगळ्यात लहान ब्लॉक मोजा, बाकीचे त्याला छाटा, पट्ट्यांची लांबी तीच ठेवा. तिपदरी पट्टीचा हा मोठा गुण, लांबी कितीही चालते. त्रिकोणांच्या किंवा चौकटीच्या पट्टीत तसं नाही, तिथे ब्लॉकच्या मापाला घराच्या मापाने नि:शेष भाग गेला पाहिजे. शिवाय बारा इंचांत दीड इंचाची घरं आठ बसतात, समसंख्या, म्हणजे एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला पांढरं. दोन्ही टोकं सारखी हवी असतील तर घरं विषम लागतात. दहा इंचांच्या ब्लॉकला दोन-दोन इंचांची पाच घरं घ्या, जमेल.

शेवटची जोडणी ओळीओळीने. एक ओळ चौक-पट्टी-चौक, दुसरी पट्टी-ब्लॉक-पट्टी. दोन्ही ओळींत शिलाया पट्टीकडेच वळवायच्या, मग ओळी एकमेकींवर ठेवल्या की प्रत्येक कोपरा तसाच अडकतो. ही पहिली ओळ दुसरीला लागली. हा कोपरा बघा, लाल घराचं टोक आणि ब्लॉकचं टोक एकाच टाक्यावर आलं आहे. उरलेल्या सात ओळी आता बसून जोडते, तुम्ही ग्राफ पेपर काढा.