मे महिन्यात जळगावात एमआरएसए ‘सापडत नाही’, कारण काय?

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट करणाऱ्या पोरापोरींसाठी आजचा व्हिडिओ. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू; तो डिस्कच्या, म्हणजे औषध लावलेल्या कागदी चकतीच्या, चाचणीत कसा निसटतो ते बघू. त्यांच्या गाइडसाठी तर जास्तच.

प्रोजेक्टची घाई नेमकी एप्रिल-मेमध्ये होते. बाहेर 44 अंश. साधा इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची पेटी, फक्त तापवतो, थंड करत नाही. तो 35 वर लावला तरी खोलीच 40 वर असेल, तर आतलं तापमान त्याखाली येणार कसं? आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसचा मेथिसिलिनला असलेला प्रतिकार 35 च्या वर चाचणीत निसटू शकतो. जंतू औषधाला दाद देत नाही, पण प्लेट सांगते, देतोय! कूलिंगवाला बीओडी इनक्युबेटरच वापरा. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, नुसत्या डिस्प्लेवर भरवसा नको.

आता प्लेट. म्युलर-हिंटन अगार, म्हणजे प्लेटमधलं जंतू वाढवायचं माध्यम, 4 मिलिमीटर जाड हवं, म्हणजे 90 मिलिमीटरच्या प्लेटला साधारण 25 मिलिलिटर. थर जाड झाला की झोन, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, लहान येतो आणि विद्यार्थी ‘रेझिस्टंट’ लिहून मोकळा होतो. पातळ झाला की उलटं.

ताज्या कॉलनी सलाइनमध्ये कालवून गढूळपणा 0.5 मॅकफर्लंड (गढूळपणा मोजायचं प्रमाण) करा, 15 मिनिटांत वापरा. स्वॅब नळीच्या कडेला दाबून निथळवा. प्लेट दर वेळी 60 अंश फिरवत तीनदा फासा.

फ्रिजमधली डिस्कची कुपी गार असतानाच उघडलीत, तर आत दव धरतं आणि औषध खराब होतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मेथिसिलिनच्या जागी वापरायची 30 मायक्रोग्रॅमची सिफॉक्सिटिन डिस्क एकदा टेकवली की सरकवायची नाही, औषध लगेच पसरू लागतं. प्लेट उलटी करून 16 ते 18 तास ठेवा. झोन 21 मिलिमीटर किंवा कमी आला, तर एमआरएसए.

गाइड मंडळी, नव्या पोराला लगेच पेशंटचे नमुने देऊ नका. आधी एटीसीसी 25923 हा चाचणी पडताळायचा प्रमाण जंतू द्या. सिफॉक्सिटिनचा झोन 23 ते 29 मध्येच यायला हवा. हात बसला की नावं झाकून नमुने द्या आणि त्यात एटीसीसी 43300 मिसळा, तो पक्का एमआरएसए आहे. वहीत अगारचा लॉट, डिस्कची मुदत आणि दोन वेळचं तापमान नसेल, तर सही करू नका.

आणि हो, या जंतूसाठी व्हँकोमायसिनची डिस्क लावूच नका. तिथे ब्रॉथ डायल्युशननं, म्हणजे द्रव माध्यमात औषध पातळ करत जाऊन, एमआयसीच (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढावी लागते.