जामीन, परवाना आणि सकाळची बैठक : बर्क गावात अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी वेळीच उभी राहणारी मदत

नमस्कार. सिडनीच्या पश्चिमेला, दारुग या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, लोकांच्या पूर्वापार भूमीवरून मी आपल्याशी बोलत आहे. ऑस्ट्रेलियात 10 ते 17 वर्षे वयाच्या मुलांमध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांचे प्रमाण साधारण 6 टक्के आहे. अल्पवयीनांच्या बंदीगृहांत मात्र निम्म्याहून अधिक मुले त्यांचीच असतात. ही मुले तेथवर पोहोचण्याआधीच त्यांना हात देणारे कार्यक्रम येथे चालतात. समाजकार्याचे शिक्षण घेण्यासाठी येथे आलेल्या ज्या मराठी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी अशा ठिकाणी पाठवले जाईल, त्यांना समोर ठेवून मी आज असा कार्यक्रम चालवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगणार आहे.

उदाहरण म्हणून मी बर्क हे गाव घेतले आहे. सिडनीच्या वायव्येस जवळपास 800 किलोमीटरवर, डार्लिंग नदीच्या काठी ते वसले आहे. मूळ रहिवासी या नदीला ‘बाका’ म्हणतात. अ‍ॅलिस्टर फर्ग्युसन आणि गावातील इतर अ‍ॅबोरिजिनल मंडळींच्या पुढाकाराने 2013 च्या सुमारास तेथे ‘मरांगुका’ हे काम आकाराला येऊ लागले. न्गेंबा भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘इतरांची काळजी घेणे’ असा आहे. गावातील निरनिराळ्या भाषागटांच्या प्रतिनिधींची ‘बर्क ट्रायबल कौन्सिल’ कामाची दिशा ठरवते. मुलांची शाळा, घर, आरोग्य, पोलिसांशी आलेले संबंध यांविषयीची आकडेवारी सरकारी खात्यांकडून मिळवून ती आधी गावासमोर मांडण्यात आली, आणि त्या आकड्यांमागे काय घडते आहे हे गावाने सांगितले. उपाय त्यानंतर ठरले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण बाहेरून आलेला व्यवस्थापक सहसा उपाय सोबत घेऊनच येतो.

आता वाहन परवान्याचे पाहा. वरवर पाहता त्याचा गुन्हेगारीशी काही संबंध दिसत नाही. परंतु ज्या मुलाच्या जन्माची नोंदच झालेली नाही, किंवा ज्याच्या घरी जन्मदाखला नाही, त्याला शिकाऊ परवाना मिळवणेच अवघड होते. पुढे शिकणाऱ्याने परवानाधारक व्यक्तीला शेजारी बसवून ठरावीक तास गाडी चालवायची असते, आणि घरात परवाना असलेले माणूस किंवा चालू स्थितीतील गाडी नसेल तर ते तास कधीच भरत नाहीत. ज्या प्रदेशात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला सार्वजनिक वाहन जवळजवळ नाही, तेथे आजीला दवाखान्यात नेण्यासाठी तो मुलगा परवान्याशिवायच गाडी काढतो, पकडला जातो, दंड होतो, दंड थकतो, आणि प्रकरण न्यायालयात जाते. बर्कमध्ये म्हणूनच वाहन चालवण्याचे शिक्षण आणि परवाना मिळवून देणे हे या कामाच्या सुरुवातीच्या उपक्रमांपैकी एक होते. जामिनाचेही असेच आहे. रात्री अमुक वेळेनंतर अमुक घरीच राहायचे, अशी अट घातलेली असते. त्या घरी भांडण पेटले की मूल मावशीकडे झोपायला जाते, आणि दुसरा कोणताही गुन्हा न करता केवळ अट मोडल्यामुळे त्याला पुन्हा अटक होऊ शकते. ही गोष्ट पोलिसांशी आधीच बोलून ठेवणे, अटी त्या कुटुंबाला पाळता येतील अशा करून घेणे, हे काम अतिशय किरकोळ दिसते आणि त्यानेच मूल कोठडीबाहेर राहते.

त्यासाठी बर्कमध्ये मरांगुकाचे कार्यकर्ते, पोलीस आणि सेवा देणाऱ्या संस्था नियमितपणे सकाळी एकत्र बसतात, मागील दिवसभरात काय घडले ते पाहतात आणि कोणत्या कुटुंबाकडे कोणी जायचे ते ठरवतात. व्यवस्थापकाचे खरे कौशल्य येथे लागते. माहिती किती सांगायची, कोणाच्या संमतीने सांगायची आणि पोलिसांसमोर काय बोलायचे नाही, याचे नियम त्याने आधीच घालून द्यावे लागतात.

याचे कारण इतिहासात आहे. विसाव्या शतकात अनेक दशके सरकारी अधिकाऱ्यांनी अ‍ॅबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून नेले. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने ते सारे उजेडात आणले आणि 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ज्या आजीने हे सोसले किंवा डोळ्यांनी पाहिले, तिच्या दारात कागद घेऊन उभी राहिलेली ‘मदत करणारी’ व्यक्ती तिला कशी दिसत असेल, याचा विचार करावा. आणि बर्क ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समधील कायद्याने मुलांसोबत काम करणाऱ्यांना गंभीर धोक्याची शंका आल्यास ती सरकारला कळवणे बंधनकारक आहे. हा पेच सुटत नाही. माझ्या मते तो पहिल्याच भेटीत कुटुंबाला स्वच्छ शब्दांत सांगावा. नंतर कळले तर विश्वास कायमचा जातो.

‘धोक्यातील मुले’ हा शब्दही जपून वापरावा. याच राज्यात पोलिसांनी भावी गुन्हेगार म्हणून ज्यांच्यावर सतत पाळत ठेवली, त्या अल्पवयीनांच्या यादीत अ‍ॅबोरिजिनल मुलांचे प्रमाण अवाजवी मोठे होते. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने त्यावर कठोर ताशेरे ओढले आणि 2023 मध्ये ती योजना अल्पवयीनांसाठी बंद झाली. गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी समाजाच्या माथी मारलेला आणि 1952 मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही न पुसलेला शिक्का ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यातील धोका वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मदतीसाठी केलेली यादी पाळतीची यादी होऊ नये, म्हणून तिच्यात नाव घालण्याचा आणि काढण्याचा अधिकार कुटुंबाकडे व समाजाकडे असावा.

शेवटी पैशांविषयी. केपीएमजी या सल्लागार संस्थेने 2018 मध्ये बर्कच्या कामाचे मूल्यमापन केले. अल्पवयीनांच्या प्रमुख 5 गुन्हेप्रकारांतील आरोपांत 38 टक्के घट, बारावीपर्यंत शाळेत टिकणाऱ्यांत 31 टक्के वाढ, आणि 2017 या एका वर्षात सुमारे 31 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा आर्थिक लाभ, असे त्यात नोंदवले आहे. गाव लहान असल्याने अशी टक्केवारी एखाद्या वर्षी खूप वरखाली होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. लाभाचा बराच भाग पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्या खर्चात, म्हणजे राज्याच्या तिजोरीत वाचतो, तर काम करणाऱ्यांचे पगार गावातील संस्थेला दरवर्षी नव्याने शोधावे लागतात. वाचलेला पैसा गावाकडे परत वळवावा, हीच बर्कसारख्या कामांमागील ‘जस्टिस रीइन्व्हेस्टमेंट’ या चळवळीची मूळ मागणी आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 च्या अर्थसंकल्पात देशभरातील अशा प्रयत्नांसाठी 8 कोटी 15 लाख डॉलर्स ठेवले. तरीही अनेक करार अल्प मुदतीचेच असतात. कार्यक्रमात 10 व्या वर्षी आलेले मूल 18 वर्षांचे व्हायला 8 वर्षे लागतात. म्हणून निधी देणाऱ्याशी पहिली वाटाघाट करारातील वर्षांच्या संख्येवर करावी, रकमेवरची त्यानंतर.