बॅज, घड्याळ आणि वाचनाचं टेबल

[मांडवीकाठ, गोमेकॉची जुनी इमारत]
पणजीतली ही देखणी इमारत आता सगळ्यांना इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे ठाऊक. पूर्वी हे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यक शाळेचा वारसा इथे नांदला, पुढे इस्पितळ बांबोळीला गेलं. डॉक्टरांविषयी बरंच लिहून झालंय. वॉर्डात रात्री काढणाऱ्या सिस्टरांचं काय? त्यांच्या वस्तू, त्यांचे कागद कुणी जपायचे? हे काम नीट चाललेलं पाहायला आम्ही लंडन गाठलं.

[रंगवलेला जिना]
कॅव्हेंडिश स्क्वेअर, घर नंबर २०. ब्रिटनचे पंतप्रधान ॲस्क्विथ एकेकाळी इथे राहायचे. जिन्यातली भित्तिचित्रं अठराव्या शतकातली. कॅमेरा इथून हलेना, त्याला इलाज नाही! १९२०च्या दशकात ही वास्तू नर्सांकडे आली. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, स्थापना १९१६. नावात कॉलेज असलं तरी ही नर्सांची संघटना, आणि हे तिचं ग्रंथालय आणि संग्रहालय.

[काचेचं कपाट]
हे बॅज. ज्या इस्पितळात शिकलात, तिथला बॅज. शिक्षण पुरं झालं की गणवेशावर लागायचा. पाठीमागे पुष्कळदा मालकिणीचं नाव कोरलेलं.

शेजारी छातीवर लावायचं घड्याळ. आपल्याला तबकडी उलटी दिसते. घालणारीने मान खाली घातली की आकडे सरळ. हात सारखे धुवायचे म्हणून मनगट मोकळं, आणि नाडी मोजायला सेकंदकाटा.

[जुन्या साप्ताहिकाची पानं]
‘नर्सिंग रेकॉर्ड’. पहिला अंक १८८८चा. पुढे एथेल गॉर्डन फेन्विक संपादक झाल्या. शिकलेल्या नर्सांची अधिकृत नोंदवही हवी, हा त्यांचा हट्ट. विरोध कुणाचा असेल? खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा! चांगली नर्स परीक्षेने ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. भांडण तीस वर्षं चाललं. १९१९ साली कायदा झाला, १९२१ साली नोंदवही उघडली, आणि पहिला नंबर फेन्विकबाईंचा. पुरुषांची नोंद मात्र वेगळ्या भागात. कॉलेजचं सभासदत्व त्यांना मिळालं १९६० साली. ‘नर्सिंग रेकॉर्ड’चे हे सगळे अंक आता इंटरनेटवर आहेत. बांबोळीच्या हॉस्टेलमधून मोबाइलवर वाचता येतात.

[वाचनाचं टेबल]
प्रदर्शनं फुकट, कुणीही यावं. आम्हाला जास्त भावलं ते हे टेबल. समजा, नर्सला प्रश्न पडला: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस किती तासांनी बदलली तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टळतील? ग्रंथपाल उत्तर देत नाही. प्रश्नाचे तुकडे करायला शिकवतो. पेशंट कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फरक कशात बघायचा. मग त्याच शब्दांनी शोधनिबंध हुडकायचे. ‘आमच्याकडे असंच करतात’ हे उत्तर इथे चालत नाही. याचा फायदा शेवटी पेशंटलाच.

[फोंडा, निवृत्त मेट्रनचं (मुख्य नर्सचं) घर]
पत्र्याची ट्रंक. खळ घातलेली टोपी, बॅज, ड्यूटीची वही. मेट्रनबाई एकेक वस्तू काढून दाखवतात.

[पाटो, मध्यवर्ती ग्रंथालय]
१८३२ पासूनचा वारसा सांगणारं हे कृष्णदास शामा ग्रंथालय. इथे काचेचं एक कपाट आणि एक टेबल गोव्याच्या नर्सांच्या नावाने मांडावं, एवढंच आमचं मागणं. ट्रंक द्यायला मेट्रनबाई तयार आहेत.