सगळे कोअर थांबतात तेव्हा

[बोर्ड जवळून. कॅमेरा कडेकडेने फिरत मधल्या पंख्यावर स्थिरावतो.]

हा झायलिंक्सचा झेडसीयू-१०२ बोर्ड. पंख्याखालच्या एकाच चिपमध्ये आर्मच्या दोन वेगळ्या घराण्यांचे सहा कोअर, म्हणजे सूचना चालवणारे सहा स्वतंत्र भाग, बसवलेत. चार कॉर्टेक्स-ए५३, ६४ बिटांचे, लिनक्स चालवणारे. दोन कॉर्टेक्स-आर५, ३२ बिटांचे. ठरलेल्या क्षणी उत्तर आलंच पाहिजे, अशी कामं या दोघांकडे. किंमत हजारो डॉलर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर एक ठेवावा, अशी ही वस्तू नाही.

[लॅपटॉप. काळा टर्मिनल, एकच ओळ टाइप होते.]

आणि हे तेच यंत्र, बोर्डाशिवाय. क्यूएमू हे एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुलं केलं. आर्मच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना ते तुकड्यातुकड्याने उचलतं, या लॅपटॉपच्या प्रोसेसरला कळतील अशा सूचनांमध्ये बदलतं आणि चालवतं. आतल्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते बोर्डावरच चाललेलं असतं.

आत काही बिघडलं, तर ते पाहायचं कसं? एक कोअर असेल तर सोपं आहे. सहा असतील तर आधी ठरवावं लागतं की यंत्र थांबलं म्हणजे नेमकं काय झालं.

[पडदा दोन भागांत. डावीकडे जीडीबी, उजवीकडे जाणारी-येणारी अक्षरं, हळू वेगात.]

डावीकडे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून आत पाहण्याचं साधन. उजवीकडे त्याचं क्यूएमूशी चाललेलं बोलणं. दोघांमध्ये एक साधी टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरची, जोडणी, पोर्ट क्रमांक १२३४.

उजवीकडची पहिली ओळ थांबवून पाहू. डॉलर, जी, हॅश, सहा, सात.

डॉलर म्हणजे निरोप सुरू झाला. जी म्हणजे सगळी रजिस्टरं पाठव; रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवण्याची जागा. हॅश म्हणजे निरोप संपला. शेवटचे दोन अंक निरोपातल्या अक्षरांची बेरीज सांगतात. जी या अक्षराचा आस्की क्रमांक सोळाच्या पायावर ६७ येतो आणि अक्षर एकच आहे, म्हणून बेरीजही ६७. समोरून अधिकचं चिन्ह येतं: निरोप नीट पोचला. त्यामागोमाग आकड्यांची लांबलचक रांग येते. तीच रजिस्टरं.

पुढची ओळ एमने सुरू होते, तिने मेमरी मागितली आहे. त्यापुढची झेड आणि शून्य, म्हणजे या पत्त्यावर ब्रेकपॉइंट, इथे आलास की थांब अशी खूण, ठेव. उत्तर येतं: ओके, हॅश, नऊ, ए. ओ आणि के यांची बेरीज मांडून पाहा, बरोबर नऊ-ए येते.

ही बेरीज इथे का आहे, तर हा प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांची ही ठरलेली भाषा, सीरियल केबलसाठी बांधला गेला होता. तारेत खरखर झाली की एखादं अक्षर बिघडायचं, ते ओळखायला ही सोय. तार गेली, पण भाषा टिकली. एलएलडीबी हा दुसरा मोठा डीबगरही हीच भाषा बोलतो. आणि ती उघड्यावर आहे. जीडीबीच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक अक्षराचा अर्थ छापलेला आहे, कोणीही वाचावा आणि आपल्या यंत्राला शिकवावा. एका कंपनीचं उपकरण, त्याच कंपनीचा परवाना आणि तिचीच केबल घेतल्याशिवाय प्रोसेसरच्या आत डोकावता येऊ नये, हे आम्हाला मान्य नाही. म्हणूनच या माहितीपटात या अक्षरांना इतका वेळ दिला आहे.

[पांढरा फळा. एक वर्तुळ. त्याशेजारी आणखी तीन काढली जातात.]

आता कोअर वाढवू.

जीडीबीला कोअर ठाऊक नाहीत. त्याला प्रोग्रॅम ठाऊक आहे आणि प्रोग्रॅममधले थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, ठाऊक आहेत. क्यूएमूने नवी कल्पना काढली नाही, प्रत्येक कोअर थ्रेड म्हणून पुढे केला. क्रमांक एकपासून, कारण प्रोटोकॉलमध्ये शून्याचा अर्थ कोणताही थ्रेड आणि वजा एकचा अर्थ सगळे थ्रेड. पहिला कोअर आतून शून्य क्रमांकाचा असला तरी डीबगरला तो एक म्हणूनच दिसतो.

मग प्रश्न थांबण्याचा. तिसरा कोअर ब्रेकपॉइंटवर आला, बाकीच्यांनी काय करायचं? क्यूएमूचं उत्तर: सगळे थांबतात, आणि यंत्रातली वेळही थांबते.

[बोर्डावरचे दिवे. कोणीतरी रीसेटचं बटण दाबतं, दिवे विझून पुन्हा लागतात.]

बोर्डावर ही सवलत सहसा नसते. कोअर थांबवला तरी टायमर चालूच राहतो. वॉचडॉग वाट पाहतो, उत्तर येत नाही असं बघून अख्खा बोर्ड पुन्हा सुरू करतो, आणि जे पाहायचं होतं ते पुसलं जातं. एम्युलेटरमध्ये वॉचडॉगचं घड्याळही थांबलेलं असतं. जेवून या, परत बसा. सगळं जागच्या जागी.

ब्रेकपॉइंटचंही तसंच. साधारण डीबगर ब्रेकपॉइंट ठेवतो म्हणजे प्रोग्रॅममधली खरी सूचना काढून तिच्या जागी सापळ्याची सूचना लिहितो. हे नको असेल तर प्रोसेसरमधली खास रजिस्टरं वापरायची, पण ती मोजकी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये चार. क्यूएमू सूचनांचं भाषांतर स्वतःच करतं, त्यामुळे थांबण्याची जागा त्या भाषांतरातच घालतं. आतल्या प्रोग्रॅमच्या मेमरीला हात लागत नाही. ब्रेकपॉइंट हवे तितके ठेवा.

[टर्मिनल. एक-एक सूचना पुढे जाते. मग एक अंक बदलला जातो आणि पडद्यावरचा पत्ता एकदम दूर उडी मारतो.]

हा भाग नीट पाहा. एक-एक सूचना पुढे जाताना क्यूएमू दोन गोष्टी मुद्दाम बंद ठेवतं, इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) आणि टायमर. ही निवड एका आकड्यात साठवलेली असते. एक म्हणजे पाऊल टाकणं चालू, दोन म्हणजे इंटरप्ट बंद, चार म्हणजे टायमर बंद. न सांगता मिळणारा आकडा सात. आता तो एक केला. काही पावलांतच आपण आपल्या कोडमधून उडून टायमरच्या इंटरप्टमध्ये पोचलो.

सात हाच सुरुवातीचा आकडा असणं योग्यच आहे. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आडरानात सोडायचं नसतं. पण इंटरप्टमधूनच येणारा दोष शोधत असाल, तर सातवर तो दिसणारच नाही. हा आकडा कुठे असतो, हे माहीत हवं.

[फळा. चार समांतर रेघा, प्रत्येकीवर वेगळ्या ठिकाणी फुली.]

एप्रिल २०१७ पर्यंत हे सगळे कोअर क्यूएमूच्या एकाच थ्रेडमध्ये आळीपाळीने चालत. एकाला पाळी, मग दुसऱ्याला. २.९ या आवृत्तीपासून प्रत्येक कोअरला स्वतःचा थ्रेड मिळू लागला आणि ते खरोखर एका वेळी धावू लागले. वेग आला. पण थांबण्याचा अर्थ थोडा बदलला. एक कोअर ब्रेकपॉइंटवर थांबतो, बाकीच्यांना इशारा जातो, आणि प्रत्येक जण हातातला सूचनांचा तुकडा संपवून थांबतो. म्हणून या फुल्या एका रेषेत नाहीत. डीबगर चारही कोअर थांबलेले दाखवतो, पण ते नेमके एकाच क्षणाला थांबलेले नसतात. सामाईक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या एकाच कुलुपासाठी दोन कोअर भांडत असतील, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवूनच पडद्यावरचे आकडे वाचायला हवेत.

[पुन्हा बोर्ड. मग टर्मिनलवर चुकीचा संदेश, पूर्ण पडदाभर.]

आणि आता ते दोन आर५.

जीडीबीचा समज असा की एका प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड एकाच जातीचे असतात. रजिस्टरं सारखी, मेमरी सामाईक. इथे तसं नाही. ए५३ मध्ये ६४ बिटांची ३१ सामान्य रजिस्टरं आहेत, आर५ मध्ये ३२ बिटांची १६. ए५३ पत्त्यांचं भाषांतर करतो, म्हणजे एकच पत्ता दोन कोअरवर दोन वेगळ्या जागा दाखवू शकतो. आर५ मध्ये ते भाषांतरच नाही. आर५ ची रजिस्टरं गृहीत धरून ए५३ ला जी विचारलं की जीडीबीचा हा प्रसिद्ध संदेश येतो: जी पॅकेटचं उत्तर प्रमाणाबाहेर लांब आहे.

वाटा तीन होत्या. जातीगणिक वेगळा पोर्ट आणि वेगळा डीबगर, ही एक. पण मग सगळे एकत्र थांबवायचे कसे? दुसरी, नवा प्रोटोकॉल. तो आणला असता तर जगातल्या एकाही डीबगरला तो आला नसता. निवडलेली तिसरी वाट जुन्याच भाषेत होती. एका वेळी अनेक प्रोग्रॅम तपासण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये आधीपासून लिहिलेली होती. तिला हार्डवेअरचा अर्थ दिला गेला: एका जातीच्या कोअरचा गट म्हणजे एक प्रोग्रॅम, गटातला कोअर म्हणजे त्याचा थ्रेड. प्रत्येक गट आपल्या रजिस्टरांचं वर्णन स्वतः पाठवतो. थ्रेडच्या क्रमांकाआधी पी आणि गटाचा क्रमांक लागतो. बस्स, इतकाच बदल तारेवर दिसतो.

एप्रिल २०१९, आवृत्ती ४.०. गट पाडला गेलेल्या पहिल्या यंत्रांत याच चिपचं यंत्र होतं.

[टर्मिनल. आज्ञा एकामागून एक, प्रत्येकीवर थोडा थांबा.]

क्रम असा. एक्सटेंडेड-रिमोटने जोडा, साधं रिमोट चालत नाही. पहिला गट आपोआप येतो. ॲड-इन्फिरिअर; जीडीबी प्रोग्रॅमला, म्हणजे इथे गटाला, इन्फिरिअर म्हणतो. इन्फिरिअर दोन. अटॅच दोन. मग इन्फो थ्रेड्स. आता सहाही ओळी दिसतात, आणि कंसात प्रत्येकाची अवस्था. दोन्ही आर५ सुरुवातीला निजलेले.

एक आज्ञा उरते: शेड्यूल-मल्टिपल ऑन. ती दिली नाही, तर कंटिन्यू म्हटल्यावर समोरचा एकच गट धावतो. दुसरा अडकून बसतो, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणारा पहिलाही. हे जीडीबीने आपणहून करायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्र एक आहे, त्याला एकच कंटिन्यू पुरे.

हीच रचना सायफाइव्हच्या रिस्क-फाइव्ह यंत्रालाही लागू झाली: एक ई५१ कोअर एका गटात, चार यू५४ कोअर दुसऱ्या. २०२० च्या ५.२ आवृत्तीत उलटं चालणं, म्हणजे थांबलेल्या जागेवरून मागे जाणंही आलं, पण त्यासाठी सूचना मोजाव्या लागतात, आणि मोजणी चालू असताना कोअरना वेगळे थ्रेड मिळत नाहीत.

[लॅपटॉप, शेजारी दोन वह्या. तीच सुरुवातीची ओळ, आता पूर्ण दिसते.]

करून पाहायचं असेल तर यंत्राचं नाव एक्सएलएनएक्स-झेडसीयू१०२, कोअर सहा. छोटा एस पोर्ट १२३४ उघडतो, मोठा एस पहिल्या सूचनेआधीच यंत्र रोखून धरतो. उबंटू किंवा डेबियनवर नेहमीच्या जीडीबीऐवजी जीडीबी-मल्टीआर्क घ्या. नेहमीच्याला आर्म येत नाही.