टाकीकडे तोंड, गेटकडे तोंड

[दृश्य: पहाट. बंद वर्ग. मैदानावर झाडू फिरतोय. आवाज आधी, चित्र मग.]

सकाळचे पावणेसात. शुक्रवार पेठेतल्या या शाळेचे वर्ग अजून कुलपात आहेत, मैदान मात्र जागं झालंय. तीन बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला रस्ता आणि मधे उरलेली ही माती. पेठेत एवढी मोकळी जागा दिसली की माणसाच्या मनात आधी एकच हिशोब सुरू होतो. इथे गाड्या किती लागतील?

सध्या इथे एकही गाडी नाही. सातवीतल्या दोघी जणी आहेत, आणि एक सुतळीचं भेंडोळं. खो-खोचं मैदान आखायचंय.

[दृश्य: जवळून. सुतळीची गाठ. पत्र्याचं डबडं.]

सुतळीला मोजून गाठी मारल्यात. एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला. दोन खांबांमधली ती मधली पाटी, म्हणजे रेघांनी आखलेला पट्टा. गाठ आली की तिथे आडवी पाटी. अशा आठ. डबड्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडलीत आणि आत फक्की भरलीय. डबडं धरणारी मुलगी उलटी चालते, कारण सरळ चाललं तर आपण मारलेली रेघ आपल्याच पायाने पुसते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी पुसली, दुसऱ्या दिवसापासून ती उलटी चालायला लागली.

मधल्या पाटीला आडव्या पाट्या छेदतात तिथे एकेक चौकोन होतो. त्यात पहिलीतलं मूल ऐसपैस बसतं. सातवीतली मुलगी जेमतेम मावते.

नियमाने खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद हवं. इथे लांबी कशीबशी भरते, रुंदी नाही, कारण एका कडेला कडुलिंब उभा आहे. त्यावर शाळेने काढलेला तोडगा असा: लिंबाला हात लागला की गडी बाद. कुठल्याही नियमपुस्तकात हे सापडणार नाही, पण यावर आजवर भांडण झालेलं नाही. भांडणं बाकी सगळ्यावर होतात.

[दृश्य: खांब. मुलीचा हात खांबावरून फिरतो.]

हा खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर. पहिलीतल्या मुलाच्या डोक्याएवढा, सातवीतल्या मुलीच्या छातीएवढा. वरचा भाग गुळगुळीत झालाय, रंगाने नाही, हातांनी.

इथून मुठा ओलांडली की डेक्कन जिमखाना. जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. खो-खोचे नियम पहिल्यांदा कागदावर आले ते १९१४ साली, तिथल्याच मंडळींच्या हातून. खेळ त्याआधीही होताच, पण प्रत्येक गावाचा आपापला. नियम लिहिले गेल्यावर एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी खेळू शकला, आणि हरल्यावर पंचांशी भांडू शकला. म्हणजे या पोरी ज्या रेघा मारतायत त्यांचा पहिला नकाशा चालत जाण्याच्या अंतरावर तयार झालाय. शाळेत कुणाला विचारलं तर हे माहीत नव्हतं. आम्हालाही शूटिंगच्या आदल्या दिवशीपर्यंत कुठे माहीत होतं?

[दृश्य: शाळा भरली. पहिलीचा वर्ग रांगेने बाहेर येतो. एकाच्या बुटाची नाडी सुटलेली.]

पहिलीचा शारीरिक शिक्षणाचा तास. मुलं त्याला पीटी म्हणतात, आपणही म्हणायचो. “दक्ष!” म्हटल्यावर निम्मी मुलं ताठ होतात, उरलेली निम्मी ताठ झालेल्यांकडे बघतात.

शिकवतायत त्या बाई मुळात सहावी-सातवीच्या मराठीच्या. खेळाचे शिक्षक या शाळेत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं. शिकवणाऱ्या माणसाचं मात्र तसं नाही. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक, म्हणजे काही तासांपुरते शिकवणारे. पहिली ते पाचवीला तेवढंही नाही. मैदान आहे, चेंडू आहे, आणि बाई मराठीच्या. बाई कॉलेजात असताना खो-खो खेळायच्या, हे या शाळेचं नशीब. नशिबावर वेळापत्रक लावता येत नाही, एवढं आम्ही आमच्या पदरचं बोलतो आणि पुढे जातो.

[दृश्य: मुलं चौकोनांत बसतायत. बाई एकेकाला खांद्याला धरून वळवतात.]

आठ जण बसायचे. शेजारशेजारच्या दोघांची तोंडं उलट दिशांना. सहा वर्षांच्या मुलाला डावं-उजवं सांगून उपयोग नसतो, म्हणून बाईंनी दिशांची नावंच बदललीत. पाण्याच्या टाकीकडे तोंड असलेले ते टाकीवाले. गेटकडे तोंड ते गेटवाले.

“तू कोण?”

“मी टाकीवाला.”

“मग गेटकडे काय बघतोस? आई आली का न्यायला?”

[दृश्य: पाय. फक्त पाय. टाच वर, चवडा जमिनीवर, दोन्ही हातांची बोटं मातीत.]

सगळा खेळ या बसण्यात आहे. पहिले दोन आठवडे पळायचंच नाही, नुसतं बसायचं आणि उठायचं. मांडी घालून बसलेला उठेस्तोवर पळणारा चार चौकोन पुढे गेलेला असतो. म्हणून उकिडवं बसायचं, एक पाय पुढे, एक मागे, आणि भार बोटांवर. धावण्याच्या शर्यतीत धावपटू बसतो ना, साधारण तसंच. फरक एवढाच, की इथे पिस्तूल पाठीमागून वाजतं.

ते पिस्तूल म्हणजे खो. बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने “खो” म्हणायचं. खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल. खो मागायला हात मागे केला तरी फाऊल. उठल्यावर एक दिशा पकडायची, आणि खांब येईपर्यंत किंवा दुसऱ्याला खो देईपर्यंत मागे फिरायचं नाही. मधली पाटीही ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. कुठूनही घुसा, कुठेही वळा. म्हणजे आठ बसलेले आणि एक उठलेला मिळूनच त्याला पकडू शकतात. एकटा कितीही वेगाने धावला तरी नाही.

[दृश्य: दोन चिमुरड्या. एकीच्या डोळ्यांत पाणी.]

“बाई, हिने खो दिलाच नव्हता.”

“दिला होता, बाई. हळू दिला होता.”

“हळू दिला तो खो नसतो,” बाई म्हणतात. “परत.”

[इथे वीस सेकंद निवेदन नाही. मुलं आणि त्यांचा आवाज.]

[दृश्य: दुपार. सहावी-सातवीच्या मुली. ओढण्या कमरेला बांधलेल्या, पाय अनवाणी.]

मोठ्या मुलींचा संघ. मुलांचाही आहे आणि चांगला आहे, पण आम्ही गेलो त्या दोन्ही दिवशी ते दुसऱ्या शाळेत सामना खेळायला गेले होते.

पळती करायला तिघी आत येतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. लाल रिबनवाल्या मुलीकडे लक्ष ठेवा. ती साखळी खेळतेय. एक चौकोन सोडून आत, एक चौकोन सोडून बाहेर, नागमोडी. घाई अजिबात नाही. पाठलाग करणारीची नजर तिच्या खांद्यावर आहे, कारण पाय फसवतात, खांदा फसवत नाही. ही खांद्यानेही फसवते.

खांबाशी आली. इथे पाठलाग करणारीला वळता येतं, म्हणून इथेच जीव वर-खाली होतो.

[दृश्य: संथ गतीत. खांबावरचा सूर. धूळ. निवेदन नाही.]

[दृश्य: गुडघा. माती, थोडं रक्त. शेजारी नळ.]

मातीत सूर मारला की खरचटतं. नळाखाली गुडघा धरायचा, वर हळद, आणि पुढचा डाव.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक संपला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच ५४–३६ असं. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही पुण्याकडचे. अंतिम सामना शाळेत मोबाइलवर बघितला गेला, एका मोबाइलवर चौदा डोकी. ते सामने मॅटवर झाले. मॅट या शाळेने अजून हात लावून बघितलेली नाही. मॅट नसली तरी चालतं, माती नसेल तर चालत नाही.

[दृश्य: मैदानाची दुसरी बाजू. राखाडी पेव्हर ब्लॉक. कडेला उन्हात वाळत घातलेले डस्टर.]

कारण हे. पावसाळ्यात चिखल होतो, गणवेश घाण होतात, पालक तक्रार करतात. म्हणून मैदानाच्या निम्म्या भागावर ब्लॉक बसले, उरलेल्यावर बसायचे आहेत. ब्लॉकवर रांग सरळ लागते, प्रार्थना छान होते. सूर मारता येत नाही. आणि याच मातीवर खेळून शाळेच्या संघातल्या दोघी यंदा चौदा वर्षांखालील जिल्हा निवडीपर्यंत गेल्या.

आणि माती काही आपोआप मैदान होत नाही.

[दृश्य: चाळणी. खडे वेचणारे हात. खूप हात.]

शुक्रवारी शेवटचा तास मातीचा. पाचवीचा वर्ग खडे वेचतो, सहावीचा चाळणी धरतो, सातवीचा पाणी मारतो. पाणी संध्याकाळीच मारायचं, म्हणजे रात्रभर मुरतं. सकाळी मारलं तर वर चिखल आणि खाली धूळ. रोलर शाळेकडे नाही, म्हणून जुन्या पाइपात सिमेंट ओतून एक बनवलाय. तो ओढायला सहा जण लागतात आणि पंधरा जण येतात. त्यातले नऊ नुसतेच ओरडतात.

[दृश्य: रोलर. आरडाओरडा. लिंबाची सावली लांब होत गेलेली.]

घंटा झाली. उद्या शनिवार, सकाळची शाळा. म्हणजे फक्की आजच मारून ठेवायला हवी. डबडं आलं. सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून ते आमच्या कॅमेरावाल्याच्या हातात दिलं गेलं. त्यामुळे हा शेवटचा शॉट थोडा हललाय.

[दृश्य: हललेला शॉट. उलटी चालणारी मुलगी, तिच्यासमोर लांबत जाणारी पांढरी रेघ.]