जर्मनमध्ये 'नाही' म्हणताना इंग्रजी बाजूला ठेवा

नमस्कार! जर्मन शिकताना आपल्यातले बरेच जण वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग त्याचं जर्मन करतात. नकाराच्या वाक्यात तर हमखास आपटतात.

'आय डोन्ट स्मोक'. यातल्या 'डू'ला जर्मनमध्ये शोधत बसू नका, तो तिथे नाहीच. 'इश राउखं निश्त'. झालं! 'मी आज येत नाही', 'इश कॉमं हॉयटं निश्त'. बघा, 'नाही' आपल्यासारखं शेवटी. 'दमलो नाही' म्हणताना मात्र 'निश्त' आधी येतं: 'इश बिन निश्त म्यूडं'.

आता 'माझ्याकडे गाडी नाही'. इथे 'निश्त' चालत नाही. 'आइन आउटो' म्हणजे एक गाडी, त्या 'आइन'ला पुढे 'क' जोडा: 'इश हाबं काइन आउटो'. वेळ नाही? 'काइनं त्साइट'. भूक नाही? 'काइनन हुंगर'. हो, नामाच्या लिंगाप्रमाणे आणि विभक्तीप्रमाणे रूप बदलतं. पण नाही, नाहीत, नव्हता, नव्हती असं दिवसभर बोलणाऱ्यांनी याबद्दल कुरकुर करू नये!

माझा सगळ्यात आवडता घोटाळा पुढे आहे. समजा, जर्मन मैत्रिणीकडे जेवायला गेलात. पानातल्या एका पदार्थाकडे तुम्ही जरा साशंकपणे बघताय. ती म्हणते, 'दू मुस्ट दास निश्त एसन'. इंग्रजीला सरावलेल्या कानाला ऐकू येतं 'मस्ट नॉट', म्हणजे खबरदार, हात लावशील तर! ती बिचारी म्हणत असते, 'खाल्लंच पाहिजे असं काही नाही गं'. खरोखर मनाई करायची असती तर ती 'दू डार्फ्स्ट दास निश्त एसन' म्हणाली असती.

आणि शेवटी 'दॉख'. कुणी विचारलं, 'कॉम्स्ट दू निश्त?', येत नाहीस? येणार असाल तर नुसतं 'या', म्हणजे जर्मन 'हो', म्हणून भागत नाही. 'दॉख!' म्हणायचं. याला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही, पण आपल्याकडे आहे की! 'येतोय की!' मधला तो ठसक्यातला 'की', तोच हा 'दॉख'.

येणार नसाल तर मात्र मराठीही दगा देते. 'येत नाहीस?' 'हो, नाही जमणार.' हा आपला 'हो' जर्मनमध्ये नेऊ नका. तिथे सरळ 'नाइन', म्हणजे 'नाही'.

चला, एक प्रश्न माझ्याकडून: हा व्हिडिओ बघताना वहीत काहीच लिहून घेतलं नाहीत ना? घेतलं असेल तर कमेंटमध्ये एकच शब्द टाका. कुठला, ते सांगायला नको.